वास रिचचा, दुखणं लीनचं : एका किट कारची प्रदूषण चाचणी

चाचणीच्या कागदावर दोनच आकडे महत्त्वाचे होते. कार्बन मोनॉक्साइड म्हणजे सीओ १.६ टक्के, मर्यादा ३.५, पास. हायड्रोकार्बन म्हणजे एचसी १३८० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), मर्यादा १२००; नापास. गाडीच्या मागे उभं राहिलं की डोळे चुरचुरायचे आणि कच्च्या पेट्रोलचा वास यायचा. त्या वासावरून आधीच्या मेकॅनिकने ‘पेट्रोल जास्त जातंय’, म्हणजे मिश्रण ‘रिच’ आहे (हवेच्या मानाने पेट्रोल कमी असेल तर ‘लीन’), असं ठरवलं आणि पेट्रोलचं प्रमाण ठरवणारे कार्ब्युरेटरचे चारही मिक्स्चर स्क्रू थोडे थोडे आत घेतले. फेरचाचणीत सीओ ०.८ वर आला आणि एचसी १६५० वर गेला. त्यानंतर गाडी माझ्याकडे आली.

गाडी दोन सीटची किट कार, म्हणजे सुटे भाग आणून मालकाने स्वतः जुळवलेली. लोखंडी नळ्यांची चासी, त्यावर फायबरग्लासची बॉडी. इंजिन १९८० च्या दशकातलं, चार सिलिंडर, १६०० सीसी. हवा-पेट्रोल एका बाजूने आत जातं, धूर दुसऱ्या बाजूने बाहेर. वेबर डीसीओई ४० जातीचे दोन आडवे कार्ब्युरेटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतःचं वेगळं तोंड. प्लगना ठिणगी वाटून देणारा वितरक (डिस्ट्रिब्यूटर) पॉइंटवाला. कॅमशाफ्ट मूळचा नाही, जास्त ड्युरेशनचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा बसवलेला. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, त्या वर्षाच्या इंजिनाला तो लागतही नाही.

हे तपशील नुसते शौकाचे नाहीत. अशा गाडीत मूळ कंपनीची सेटिंगची पुस्तिका निम्मी निरुपयोगी झालेली असते. इंजिन एका गाडीचं, कार्ब्युरेटर भलत्याच गाडीचे, एक्झॉस्ट घरी वेल्ड केलेला. ‘पुस्तकात आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनाचे मिनिटाचे फेरे) ८०० लिहिलंय’ असं म्हणून भागत नाही, कारण पुस्तक लिहिणाऱ्याने हा कॅमशाफ्ट पाहिलेलाच नव्हता.

आधी मर्यादा कोणती ते ठरवा

जुन्या गाडीत पहिला घोळ इथेच होतो. सगळ्या गाड्यांना एकच पट्टी नसते, ती वर्षाप्रमाणे बदलते. ब्रिटनमध्ये १ ऑगस्ट १९७५ च्या आधी वापरात आलेल्या पेट्रोल गाडीचा फक्त डोळ्यांना दिसणारा धूर पाहतात. त्यानंतरच्या, पण १ ऑगस्ट १९८६ च्या आधीच्या गाडीला सीओ ४.५ टक्के चालतो. त्यापुढच्या, कन्व्हर्टरच्या चाचणीत न येणाऱ्या गाडीला ३.५ टक्के. एचसीची १२०० ची मर्यादा दोघांना सारखीच. भारतात ‘भारत स्टेज’ या प्रदूषण मानकांच्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाडीला सीओ ३ टक्के आणि एचसी १५०० पीपीएम अशी मर्यादा आहे, तर भारत स्टेज दोन आणि तीनच्या गाडीला ०.५ टक्के आणि ७५०. म्हणजे तेच इंजिन एका रकान्यात आरामात पास होईल आणि दुसऱ्या रकान्यात कधीच होणार नाही.

किट कारमध्ये गुंता वाढतो, कारण बॉडी नवी, इंजिन जुनं आणि नोंदणी भलत्याच वर्षाची. मशीनवर वर्ष टाकणारा माणूस समोर दिसेल ते वर्ष टाकतो. म्हणून इंजिनाचा नंबर, तो कोणत्या वर्षाचा आहे याचा पुरावा आणि नोंदणीचं पुस्तक ही कागदपत्रं पाना-स्क्रूड्रायव्हरच्या आधी गोळा करायची. या गाडीत वर्ष बरोबर टाकलेलं होतं, त्यामुळे हा मुद्दा लगेच बाजूला झाला.

दोन नव्हे, चार आकडे

चाचणीत पास-नापास ठरवायला सीओ आणि एचसी पुरतात. निदानाला ते पुरत नाहीत. मी चार वायूंचं अ‍ॅनालायझर लावलं. त्यात सीओ, एचसी आणि कार्बन डायऑक्साइड हे तीन इन्फ्रारेड किरण किती शोषले गेले त्यावरून मोजतात, आणि ऑक्सिजन वेगळ्या रासायनिक सेलने. इंजिन पूर्ण गरम, आयडलिंग ९५० च्या आसपास. आकडे असे आले: सीओ ०.८ टक्के, एचसी १६५० पीपीएम, कार्बन डायऑक्साइड १०.९ टक्के, ऑक्सिजन ४.५ टक्के.

यातला शेवटचा आकडा बघा. धडधाकट जुनं इंजिन आयडलिंगला एक-दोन टक्क्यांच्या आत ऑक्सिजन सोडतं. साडेचार टक्के म्हणजे हवा आत आली आणि न जळता तशीच बाहेर पडली. पेट्रोल खरोखर जास्त जात असतं तर ऑक्सिजन जवळजवळ संपला असता आणि सीओ चार-पाच टक्क्यांच्या वर गेला असता. सीओ म्हणजे अर्धवट जळलेलं पेट्रोल. जळायला हवा कमी पडली की तो वाढतो. एचसी म्हणजे मुळात न जळलेलं पेट्रोल. ते दोन कारणांनी सुटतं. एकतर मिश्रण इतकं रिच की सगळं जळत नाही. नाहीतर ठिणगी पडूनही आग धरत नाही, आणि सिलिंडरमधला अख्खा घास जसाच्या तसा सायलेन्सरमध्ये जातो; हाच मिसफायर. दुसऱ्या प्रकारात पेट्रोलबरोबर त्याच्या वाट्याची हवाही बाहेर पडते. एचसी वर, ऑक्सिजन वर, सीओ खाली, कार्बन डायऑक्साइड खाली. आपले चारही आकडे तंतोतंत हेच सांगत होते.

मालक शेजारी उभे होते. म्हणाले, “पण नाकाला झोंबतंय ना, म्हणजे रिचच असणार.”

मी म्हटलं, “झोंबतंय ते पेट्रोल. ते का जळलं नाही, हे नाक सांगत नाही.”

चार आकड्यांवरून लॅम्डा काढता येतो. हवा आणि पेट्रोल अगदी नेमक्या प्रमाणात, म्हणजे साध्या पेट्रोलला वजनाने १४.७ ला १, असले की लॅम्डा १ येतो. जास्त आकडा म्हणजे लीन, कमी म्हणजे रिच. इथे तो १.१४ आला. म्हणजे एकूण इंजिन स्पष्टपणे लीन. अशा इंजिनाचे स्क्रू आणखी आत घेणं म्हणजे उपाशी माणसाचं ताट ओढून घेणं.

आधी बाहेरची हवा बाद करा

ऑक्सिजन जास्त दिसला की लगेच इंजिनाकडे बोट दाखवू नये. एक्झॉस्टच्या सांध्यातून गळती असली तरी प्रत्येक धक्क्यानंतर पाइप थोडी बाहेरची हवा ओढतो, आणि प्रोबला, म्हणजे पाइपात घालायच्या अ‍ॅनालायझरच्या नळीला, पातळ झालेला धूर मिळतो. किट कारमध्ये हे फार आढळतं. पाइप बाजूने निघालेला, आखूड, आत भोकाची नळी किंवा पडदा. प्रोब निदान ३० सेंटिमीटर तरी आत जायला हवा. इथे वीतभरावरच अडकत होता. मी पाइपच्या तोंडाला घट्ट बसणारी जोडनळी लावली, प्रोब तिच्यातून पूर्ण आत घातला आणि पुन्हा मोजलं. ऑक्सिजन ४.५ वरून ४.३ झाला. म्हणजे तोंडाकडून हवा शिरत होती, पण चिमूटभर.

मग ओल्या जाड फडक्याने पाइपचं तोंड काही क्षण अर्धवट दाबून धरलं आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून (इंजिनाला लागून असलेल्या धुराच्या नळ्यांपासून) मागेपर्यंत कान लावला. गळती असेल तर ‘फुस्स’ असा आवाज तालात येतो. आला नाही. हातात जाड हातमोजा असू द्या आणि तोंड पूर्ण बंद करू नका. मागचा दाब वाढला की इंजिन बंद पडतं, शिवाय गरम वाफ हातावर येते.

इथे एक जुनी चलाखी आठवते: एक्झॉस्टचा सांधा मुद्दाम सैल करायचा, म्हणजे हवा मिसळून सीओ कमी दिसतो. चारचाकीच्या बऱ्याच चाचणी पद्धतींत ही वाट आधीच बंद केलेली आहे. सीओ आणि कार्बन डायऑक्साइडची बेरीज १५ टक्क्यांच्या खाली असेल तर सीओला १५ ने गुणून त्या बेरजेने भागतात. सीओ ३ आणि कार्बन डायऑक्साइड ९ असेल तर बेरीज १२, आणि दुरुस्त सीओ ३.७५. कागदावर ३ असलेली गाडी ३.५ च्या मर्यादेत नापास. चलाखी फुकट जाते आणि सांधा सैलच राहतो.

चारपैकी कोण

अ‍ॅनालायझर चार सिलिंडरची सरासरी दाखवतं. तीन ठीक आणि एक आजारी, की चारही थोडे थोडे बिघडलेले, हे त्यातून कळत नाही. म्हणून प्रत्येक सिलिंडर वेगळा तपासला.

आधी कॉम्प्रेशन. थ्रॉटल (हवेची झडप) पूर्ण उघडं, इंजिन गरम, चारही प्लग काढलेले. आकडे ११.२ ते ११.६ बारमध्ये. एवढा फरक काहीच नाही. टॅपेटच्या फटी फिलर गेजने पाहिल्या. दोन नंबरची एक्झॉस्टची फट किंचित घट्ट होती, ती बरोबर केली. इंजिन आतून चांगलं आहे हे एवढ्यावरून ठरलं. हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, पण व्हॉल्व्ह जळालेला असता तर पुढचं सगळं ट्यूनिंग पाण्यात गेलं असतं.

मग इंजिन सुरू ठेवून एकेका प्लगची ठिणगी तोडली. वायर मोकळी लोंबत ठेवायची नाही, तिचं टोक बॉडीला अर्थ करायचं, नाहीतर कॉइल आणि रोटरवर ताण येतो. एक, दोन आणि चार तोडल्यावर इंजिन लगेच बसायला लागलं आणि एचसी उसळला. तीन तोडला तर आरपीएम जेमतेम हलले, एचसीही थोडाच चढला. म्हणजे तीन नंबर तसाही पूर्ण काम करत नव्हता. इन्फ्रारेड थर्मामीटरने एक्झॉस्टच्या चारही नळ्या, मॅनिफोल्डपासून सारख्या अंतरावर, मोजल्या. तीन नंबरची नळी बाकीच्यांपेक्षा स्पष्ट थंड होती.

तीन नंबरचा प्लग काढला. रिच सिलिंडरचा प्लग काळा, मऊ काजळीचा असतो. याचा चिनी मातीचा भाग पांढुरका, कडेला मात्र पेट्रोलची ओल. पांढरा आणि ओला, हे दोन एकत्र बघून बरेच जण गोंधळतात. पण अर्थ सरळ आहे: जेव्हा जळतं तेव्हा लीन जळतं, आणि मधूनमधून जळतच नाही.

कार्ब्युरेटरच्या तीन नंबरच्या तोंडाशी कान नेला तर मधूनच ‘पफ्’ असा उलटा श्वास ऐकू येत होता. हेही लीनचंच लक्षण.

आता निर्णायक प्रयोग. बारीक रबरी नळीतून न पेटवलेला प्रोपेन वायू अगदी मंद सोडला आणि नळीचं टोक कार्ब्युरेटर आणि इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरकडे मिश्रण नेणाऱ्या नळ्या) यांच्या सांध्याभोवती हळूहळू फिरवलं. तीन नंबरच्या खालच्या बाजूला टोक आलं आणि इंजिनाचा सूर बदलला. थरथर थांबली, आरपीएम चढले, एचसी १६५० वरून ९०० कडे उतरला. पेट्रोल कमी केलं तेव्हा एचसी वाढला होता, आणि इंधन वाढवलं तर एचसी घसरला. यापुढे वासाचा मुद्दा कुणी काढला नाही.

हा प्रयोग मोकळ्या हवेत, अग्निशामक हाताशी ठेवून आणि गरम एक्झॉस्टपासून दूरच करायचा. या इंजिनात एक्झॉस्ट पलीकडच्या बाजूला आहे म्हणून मी केला. दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला असतील तर धूर सोडणारं गळतीशोधक यंत्र वापरावं. कार्ब्युरेटर क्लीनरचे फवारे मारणं तर अशा ठिकाणी शुद्ध वेडेपणा आहे.

चार नट आणि एक रबर

डीसीओई कार्ब्युरेटर मॅनिफोल्डवर घट्ट आवळायचे नसतात. चार सिलिंडरचं इंजिन काही ठरावीक आरपीएमला इतकं थरथरतं की फ्लोट चेंबरमधल्या पेट्रोलला फेस येतो आणि मिश्रण बिघडतं. म्हणून मध्ये रबरी ओ-रिंग असलेली पातळ प्लेट आणि नटाखाली दुहेरी वेटोळ्याचे स्प्रिंग वॉशर असतात. नट इतकाच आवळायचा की वॉशरच्या वेटोळ्यांत साधारण अर्धा ते एक मिलिमीटर फट राहील. कार्ब्युरेटर हाताने धरून हलवला तर किंचित झुलायला हवा.

इथे चारही वॉशर चपटे झाले होते. कुणीतरी ‘ढिला वाटतोय’ म्हणून पाना लावून गच्च आवळला असणार. तीन नंबरची ओ-रिंग एका बाजूने चेपली होती आणि खालच्या अंगाला फाटली होती. नखाने दाबलं तर ती रबरासारखी दबत नव्हती, प्लास्टिकसारखी कडक लागत होती. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेलं असतं, आणि जुन्या जातीच्या रबराला ते मानवत नाही. त्याच इथेनॉलमुळे आणखी एक गोष्ट होते: दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला नेमक्या प्रमाणासाठी हवा कमी लागते, सुमारे १४.१ ला १. म्हणजे जुन्या काळी साध्या पेट्रोलवर बसवलेले जेट (पेट्रोल मापून सोडणारी बारीक भोकं) आजच्या पेट्रोलवर आपोआप थोडे लीन पडतात. जे इंजिन आधीच काठावर आहे त्याला तेवढा धक्का पुरतो.

दोन्ही प्लेट, सगळ्या ओ-रिंग आणि वॉशर नवे घातले. रबर इथेनॉल सोसणारं घेतलं. फट फिलर गेजने मोजून नट बसवले, आणि नट मागे फिरू नयेत म्हणून लॉकिंगचे घेतले.

पुन्हा मोजलं: सीओ २.९, एचसी ७६०, कार्बन डायऑक्साइड १२.३, ऑक्सिजन २.

पास होतंय, तरी थांबायचं नाही

दोन्ही आकडे मर्यादेच्या आत आले होते. मालकांचा चेहरा खुलला. पण पुन्हा तीच सरासरीची गोष्ट. मी चारही मिक्स्चर स्क्रू सावकाश आत घेत किती फिरतात ते मोजलं. एक, दोन, चार पाऊण फेऱ्याच्या आसपास उघडे. तीन नंबर जवळजवळ दोन फेरे. म्हणजे गळती सुरू झाली तेव्हा कुणीतरी तीन नंबरला जास्त पेट्रोल देऊन ती झाकली होती. आता गळती गेली, पेट्रोल तसंच राहिलं. तीन सिलिंडर लीन, एक भरपूर रिच, आणि सरासरी सुंदर. असं इंजिन चाचणीच्या रांगेत दहा मिनिटं नुसतं उभं राहिलं की तीन नंबरचा प्लग काजळतो, आणि आपण परत मिसफायरपाशी येतो.

मिक्स्चर लावायच्या आधी दोन गोष्टी. पहिली, पेट्रोलचा दाब. किट कारवाले इलेक्ट्रिक पंप लावतात, आणि तो बऱ्याचदा या कार्ब्युरेटरला नको इतका दाब देतो. दाब तीन-साडेतीन पीएसआयच्या वर गेला की फ्लोटची सुई दम धरत नाही आणि पेट्रोल ओसंडतं. इथे रेग्युलेटर होता आणि गेजवर बरोबर तीन दिसले. दुसरी, दोन्ही कार्ब्युरेटरचं संतुलन. हवेचा प्रवाह मोजणारं मीटर चारही तोंडांना लावून थ्रॉटलचा जोड सारखा केला. हे न करता मिक्स्चरला हात लावणं व्यर्थ आहे, कारण हवाच असमान असेल तर पेट्रोल कशाच्या मापाने देणार?

मग एकेक स्क्रू. आत घ्यायचा, इंजिन बसायला लागेपर्यंत. बाहेर घ्यायचा, आरपीएम सर्वांत वर जाऊन स्थिर होईपर्यंत. तिथून किंचित आत. पुढचा सिलिंडर. चारही झाले की आयडलिंग परत जागेवर आणून पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक वळणानंतर अ‍ॅनालायझरला धूर पोचायला काही सेकंद लागतात. घाईने फिरवणारा माणूस कायम मागच्या वळणाचा आकडा वाचत असतो.

सीओ किती ठेवायचा यावर मत देतो. मर्यादा ३.५ असेल तर ३.४ वर आणून ‘बसलं’ म्हणू नये. दुसरं मशीन, वेगळं हवामान, थोडं जास्त तापलेलं बॉनेट, आणि गाडी बाहेर. पण ०.५ चाही हट्ट नको. जास्त ड्युरेशनच्या कॅममध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काही काळ एकत्र उघडे राहतात. आयडलिंगला त्यातून जळलेला वायू परत आत येतो आणि ताजं मिश्रण पातळ होतं. अशा इंजिनाला लीन करत गेलात तर सीओ उतरत राहतो, पण एका जागेनंतर एचसी उलटा चढायला लागतो. ती जागा शोधायची आणि तिच्या किंचित रिच बाजूला थांबायचं. या इंजिनाची ती जागा सीओ दीड टक्क्याच्या आसपास होती, म्हणून मी दोन ते अडीचचं लक्ष्य ठेवलं. आयडलिंगही ९५० वरून १०५० केलं. हा कॅम ८०० वर कधीच नीट फिरणार नाही.

इग्निशन

इथे फार काही निघालं नाही. पॉइंटची फट बरोबर, वितरकाचं झाकण स्वच्छ, वायरींचा रोध ठीक. प्लग मात्र चुकीचे होते. शर्यतीच्या हौसेपोटी फार ‘थंड’ श्रेणीचे घातलेले. थंड प्लग स्वतःची उष्णता पटकन सोडतो. ट्रॅकवर ते बरं, पण आयडलिंगला त्याच्यावरची काजळी जळून जात नाही. एक पायरी गरम प्लग घातले. नंबर वाचताना जपा: एनजीकेच्या प्लगवर मोठा आकडा म्हणजे थंड, बॉशच्या प्लगवर मोठा आकडा म्हणजे गरम. तुलनेचा तक्ता न बघता एकाचा आकडा दुसऱ्यावर शोधणारे हमखास उलट घेऊन येतात.

टायमिंग स्ट्रोब लाइटने पाहिलं तर आयडलिंगला १४ अंश पुढे होतं. ते १० वर आणलं. टायमिंग थोडं मागे घेतलं की जळणं उशिरा संपतं, बाहेर पडणारा धूर जास्त गरम असतो आणि उरलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्येच आणखी जळतं. एचसी ६५० वरून ५८० झाला. फार मागे घेऊ नका. इंजिन तापतं, दम जातो, मग आयडलिंग राखायला थ्रॉटल उघडावं लागतं आणि मिश्रणाचं गणित परत बिघडतं.

ऑइलचा वास

या टप्प्यावर सीओ २.६ होता. डिपस्टिक काढून हुंगली तर ऑइलला पेट्रोलचा वास. इतके दिवस तीन नंबरमधून न जळलेलं पेट्रोल रिंगच्या बाजूने खाली उतरत होतं. क्रँककेसची (इंजिनाच्या तळातल्या ऑइलच्या भागाची) वाफ बाहेर काढणारी ब्रीदर नळी एअर फिल्टरच्या तळाला जोडलेली, म्हणजे गरम ऑइलमधून उडणारी पेट्रोलची वाफ परत इंजिनात जात होती. तपासणं सोपं आहे: ब्रीदर नळी काढा, फिल्टरकडचं भोक बुचाने बंद करा, सीओ बघा. इथे तो २.२ वर उतरला. म्हणजे ०.४ टक्का निव्वळ ऑइलमधून येत होता. नळी तशीच काढून ठेवायची नाही. ती वाफ उघड्यावर सोडणं हेही प्रदूषणच. ऑइल आणि फिल्टर बदलले, नळी परत जोडली, सीओ २.२ वर राहिला आणि एचसी ५४०. ऑक्सिजन १.६, कार्बन डायऑक्साइड १३. लॅम्डा ०.९९ च्या जवळ.

‘चाचणी पास करून देतो’ अशा बाटल्या मालकांनी आणून ठेवल्या होत्या. त्या तशाच परत दिल्या. फाटलेलं रबर पेट्रोलमध्ये मिसळून शिवता येत नाही.

चाचणीच्या दिवशी

गाडी गरम पाहिजे म्हणजे पाण्याचा काटा मधोमध आला एवढंच नव्हे. ऑइल निदान ८० अंशांपर्यंत गेलं पाहिजे, आणि त्याला पाण्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. वीसेक मिनिटं नीट चालवून, शेवटचा थोडा भाग इंजिनावर जोर देऊन न्यावी. रांगेत नुसतं आयडलिंगवर उभं राहू नये. थांबावं लागलंच तर आपला नंबर येण्याआधी अर्धा मिनिट २५०० ते ३००० आरपीएमवर रेस द्यावी, म्हणजे प्लग स्वच्छ होतात आणि तापलेल्या कार्ब्युरेटरमध्ये साचलेली वाफ निघून जाते. एअर फिल्टर स्वच्छ. चोक पूर्ण आत गेलाय याची खात्री, कारण अशा आडव्या (साइडड्राफ्ट) कार्ब्युरेटरचा चोक केबलवर असतो आणि ती घासते. पाइप आखूड असेल तर जोडनळी बरोबर न्यावी आणि तपासनीसाला आधीच सांगावं.

कन्व्हर्टरच्या काळातलं इंजिन असेल तर हे सगळं अर्धंच उपयोगी. तिथे लॅम्डा ०.९७ ते १.०३ च्या अरुंद पट्ट्यात राहावा लागतो, आणि तो साध्या कार्ब्युरेटरला सतत राखता येत नाही. ऑक्सिजन सेन्सर आणि इंजेक्शन लागतंच. कन्व्हर्टर साधारण अडीचशे-तीनशे अंशांनंतर काम सुरू करतो, त्यामुळे तापवण्याचं महत्त्व आणखी वाढतं. आणि मिसफायर होत असेल तर तशी गाडी चालवू नका. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळतं आणि आतली जाळी वितळवतं.

या गाडीची चाचणी झाली. सीओ २.४, एचसी ५८०. माझ्या मशीनपेक्षा थोडे वर, अपेक्षेइतकेच.

एक गोष्ट बाकी आहे. २८०० आरपीएमच्या आसपास हळूच अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर गाडी क्षणभर अडखळते. तिथे आयडल जेटचं काम संपत येतं आणि मुख्य जेट अजून पूर्ण सुरू झालेला नसतो. आयडल जेट एक माप मोठा घातला तर ते जाईल, पण आयडलिंगचा सीओही बदलेल आणि चारही स्क्रू पुन्हा लावावे लागतील. मालकांना जेट लगेच हवा आहे. मी त्यांना म्हटलंय की बदलूया, पण त्या दिवशी अ‍ॅनालायझर मोकळं असलं पाहिजे.